शुक्रवारच्या मॅचचा प्ले रविवारीच कसा ठरतो: अमेरिकन फुटबॉलमधलं ऑफेन्सचं प्लॅनिंग, पायरी पायरीने

टीव्हीवर एनएफएलची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रो फुटबॉल लीगची, मॅच लागली की साइडलाइनला एक कोच हमखास दिसतो, कानाला हेडसेट, हातात हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखा मोठा लॅमिनेट केलेला रंगीत कागद, आणि तो कागद तोंडासमोर धरून काहीतरी भराभर बोलतोय. तोंड झाकतो ते समोरच्यांनी ओठ वाचू नयेत म्हणून. तो कागद म्हणजे कॉल शीट. त्यावर काय असतं, ते तिथे कसं येतं आणि मॅचमध्ये ते कसं वापरतात, हे सगळं आज नीट सांगतो.

मी न्यू जर्सीत राहतो आणि गेले चार सीझन इथल्या एका हायस्कूलच्या टीमला व्हॉलंटियर म्हणून मदत करतोय. काम काय, तर फिल्म टॅग करायची, कॉल शीट टाइप करायची, आणि मॅचच्या वेळी वर प्रेस बॉक्समध्ये बसून खाली ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला (प्ले ठरवणारा कोच) हेडसेटवर माहिती द्यायची. या चार वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं कोचला ऐन मॅचमध्ये भारी भारी सुचतं, पण चांगला कोच मॅचमध्ये शक्य तितकं कमी नवीन ठरवतो. तिसरा डाऊन आहे, ८ यार्ड हवेत, बॉल डाव्या हॅशवर, म्हणजे मैदानावर आखलेल्या खुणांच्या डाव्या ओळीवर आहे, समोरून ब्लिट्झ यायची, म्हणजे बॉल टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर नेहमीपेक्षा जास्त जण धावून यायची दाट शक्यता आहे, अशा वेळी काय खेळायचं याचं उत्तर त्याने रविवारी दुपारी घरी चहा पिताना शोधून ठेवलेलं असतं, मैदानात तो फक्त ते वाचतो.

ज्यांना खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. दोन्हीकडे ११-११ खेळाडू, बॉल ज्यांच्याकडे ते ऑफेन्स, समोरचे डिफेन्स, ऑफेन्सला १० यार्ड पुढे जायला ४ प्रयत्न, एकेका प्रयत्नाला डाऊन म्हणतात. १० यार्ड झाले की परत पहिला डाऊन. दोन डाऊनच्या मध्ये खेळ थांबतो, आणि त्या थांबण्यामुळेच प्रत्येक वेळी अकरा जणांना वेगळी ठरलेली हालचाल देता येते, तिला प्ले म्हणायचं. बॉल घेऊन पळणं म्हणजे रन, फेकणं म्हणजे पास. ऑफेन्समध्ये पुढे पाच लाइनमन ब्लॉक करतात म्हणजे समोरच्यांना अडवतात, त्यातला सेंटर बॉल मागे देतो तो क्षण म्हणजे स्नॅप, क्वार्टरबॅक प्ले चालवतो, रनिंग बॅक पळतो, रिसीव्हर पास पकडतात, टाइट एंड ब्लॉक आणि पास दोन्ही करतो. डिफेन्समध्ये पुढे लाइनमन (कडेचे ते एंड), त्यांच्या मागे लाइनबॅकर, कडेला रिसीव्हरना धरणारे कॉर्नरबॅक आणि सगळ्यात मागे सेफ्टी. बॉल समोरच्याच्या गोल लाइनपलीकडे एंड झोनमध्ये नेला की टचडाऊन, लाथ मारून खांबांमधून घातला की फील्ड गोल. एका मॅचमध्ये एका टीमचे साधारण ५०-६० प्ले होतात.

पायरी १: समोरच्या टीमची फिल्म फोडून बघा

आमच्याकडे मॅच शुक्रवारी रात्री, म्हणजे शनिवारी सकाळी पुढच्या टीमची फिल्म उघडायची. हायस्कूल पातळीवर बहुतेक जण हडल नावाचं सॉफ्टवेअर वापरतात (मैदानात खेळाडू गोल करून उभे राहतात त्यालाही हडलच म्हणतात, गोंधळ करून घेऊ नका). दोन्ही टीम एकमेकांना आधीच्या मॅचची फिल्म देतात, शक्यतो शेवटच्या तीन-चार मॅच बघायच्या, त्याच्या मागच्या नको कारण तोपर्यंत त्यांचे खेळाडू आणि सवयी बदललेल्या असतात.

डिफेन्सच्या प्रत्येक प्लेला एक्सेलसारखी एक ओळ. कितवा डाऊन, किती यार्ड बाकी, मैदानात बॉल कुठे, कुठल्या हॅशवर, समोर किती लाइनमन, मागे सेफ्टी एक की दोन, मॅन कव्हरेज (प्रत्येक डिफेंडर एकेका खेळाडूला धरतो) की झोन (प्रत्येकजण आपापली जागा राखतो), ब्लिट्झ आली का आणि आली तर कुठून. कंटाळवाणं काम आहे, एका मॅचला मला दोन-अडीच तास लागतात, पण पुढचं सगळं यावर उभं आहे. ओळी भरून झाल्या की फिल्टर लावायचा आणि नेमके प्रश्न विचारायचे: तिसऱ्या डाऊनला ७ पेक्षा जास्त यार्ड असले की हे किती वेळा ब्लिट्झ करतात? आपण एका बाजूला तीन रिसीव्हर लावले तर सेफ्टी त्या बाजूला सरकतो का? रिसीव्हर मोशनमध्ये, म्हणजे स्नॅपच्या आधीच आडवा, पळाला तर त्याच्याबरोबर कोणी पळतं का? पळालं तर मॅन, नाही पळालं तर बहुतेक झोन, हे मोशनमुळे फुकटात कळतं.

फिल्ममधली एक छोटी गोष्ट केवढी महाग पडू शकते याचं माझं आवडतं उदाहरण फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलचं, म्हणजे एनएफएलच्या फायनलचं. कॅन्सस सिटी चीफ्सने फिलाडेल्फिया ईगल्सला ३८-३५ हरवलं, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये चीफ्सचे दोन टचडाऊन एकाच युक्तीवर आले. रिसीव्हर स्नॅपच्या आधी आतल्या बाजूला पळायला लागतो, त्याला धरणारा डिफेंडर शेजारच्याला खूण करतो की आता तू घे, आणि तेवढ्यात रिसीव्हर गर्रकन वळून परत बाहेर पळतो. एकदा केडेरियस टोनी उजवीकडे, एकदा स्काय मूर डावीकडे, दोघांच्याही आसपास कोणीच नव्हतं. हीच हालचाल त्याच सीझनमध्ये जॅक्सनविल जॅग्वार्सने ईगल्सविरुद्ध केली होती आणि तेव्हाही ईगल्स फसले होते. ते फिल्ममध्ये होतं, चीफ्सच्या कोचेसनी ते हेरलं, जपून ठेवलं आणि जिथे गोल लाइनला चार-पाच यार्ड उरलेत तिथे काढलं.

पायरी २: आपल्या पोरांना जे जमतं तेवढंच निवडा

नवीन कोचची सगळ्यात मोठी चूक इथे होते. यूट्यूबवर प्रो टीमचा सुंदर प्ले दिसतो आणि तो मंगळवारी शिकवायला घेतला जातो. अहो, पण आपला लेफ्ट टॅकल सोळा वर्षांचा आहे, त्याची उद्या केमिस्ट्रीची टेस्ट आहे, त्याला एका आठवड्यात किती लक्षात राहणार? आम्ही एका मॅचला पाच-सहा रन आणि आठ-नऊ पास कन्सेप्ट (रिसीव्हरनी कुठून कसं पळायचं याच्या ठरलेल्या कल्पना) नेतो, बस. माइक लीच हे टेक्सस टेक, वॉशिंग्टन स्टेट अशा कॉलेज टीमचे कोच होते, त्यांचा एअर रेड ऑफेन्स म्हणजे याच विचाराचं टोक, मोजके प्ले घ्यायचे आणि तेच इतक्या वेळा करायचे की पोरं झोपेतही करतील.

मग समोरच्याला ते ओळखता कसे येत नाहीत? कारण प्ले तेच, पण दिसणं वेगळं. एकच इनसाइड झोन, म्हणजे मधून जाणारा रन, आम्ही चार वेगळ्या फॉर्मेशनमधून (उभं राहायच्या रचनांमधून) करतो, कधी मोशन लावून, कधी मोशन न लावता. लाइनमनला काम तेच, शिकायचं नवीन काही नाही, डिफेन्सला मात्र चार वेगळी चित्रं ओळखावी लागतात.

पास निवडताना फिल्ममध्ये जे कव्हरेज जास्त दिसलं त्याचं औषध घ्यायचं. मॅन असेल तर मेश, म्हणजे दोन रिसीव्हर साधारण ५-६ यार्डांवर एकमेकांना जवळजवळ घासून उलट्या दिशेने जातात आणि त्यांच्या मागे पळणारे डिफेंडर एकमेकांत अडकतात. दोन सेफ्टीवालं कव्हर टू असेल तर स्मॅश, बाहेरचा रिसीव्हर जवळ थांबतो आणि आतला त्याच्या मागच्या कोपऱ्यात जातो, कॉर्नरबॅकने कोणाला धरायचं हा प्रश्न पडतो. कव्हर थ्री असेल तर चार जणांना सरळ खोल पळवायचं, मागे तिघंच आहेत, किंवा कर्ल-फ्लॅट, एक रिसीव्हर पुढे जाऊन वळतो आणि दुसरा जवळच कडेला जातो. आणि ब्लिट्झवाल्यांसाठी स्लँट (झटकन आत तिरकं पळणाऱ्याला पास) आणि स्क्रीन (धावून येणाऱ्यांच्या डोक्यावरून छोटा पास). कव्हरेज चुकीचं ओळखलं गेलं तरी क्वार्टरबॅककडे एक सुरक्षित छोटा पास राहील असेच कन्सेप्ट घ्या, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

पायरी ३: प्लेला नाव द्या, आणि नाव काम सांगणारं द्या

प्लेचं नाव म्हणजे छोटी सूचनापत्रिका असते. समजा कॉल आहे, गन ट्रिप्स राइट, एफ शॉर्ट, स्लाइड लेफ्ट, मेश, ऑन टू. गन म्हणजे क्वार्टरबॅक सेंटरपासून पाच यार्ड मागे उभा. ट्रिप्स राइट म्हणजे उजवीकडे तीन रिसीव्हर. एफ शॉर्ट म्हणजे एफ हे अक्षर ज्याला दिलंय तो स्नॅपच्या आधी छोट्या मोशनमध्ये आत येणार. स्लाइड लेफ्ट हे लाइनमनसाठी, ते पाचजण डावीकडे सरकत ब्लॉक करणार. मेश कळलंच. ऑन टू म्हणजे क्वार्टरबॅकच्या दुसऱ्या 'हट' हाकेला बॉल निघणार. प्रत्येकाने यातला आपला तुकडा ऐकायचा.

आकड्यांचीही एक भाषा आहे जी टीव्हीवर सारखी ऐकू येते. ११ पर्सोनेल म्हणजे एक रनिंग बॅक आणि एक टाइट एंड, १२ म्हणजे एक बॅक आणि दोन टाइट एंड, २१ म्हणजे दोन बॅक एक टाइट एंड. पहिला आकडा बॅकचा, दुसरा टाइट एंडचा, उरलेले रिसीव्हर. समोरचा डिफेन्स कोणते खेळाडू आत पाठवायचे ते आपलं हे पर्सोनेल बघूनच ठरवतो.

आम्ही कन्सेप्टची नावं पोरांनाच ठेवायला देतो. त्यांनी ठेवलेलं नाव ते विसरत नाहीत.

पायरी ४: कॉल शीट, परिस्थितीनुसार खण पाडून

आता मुख्य काम. रविवारी दुपारी आमच्या कोऑर्डिनेटरच्या घरी डायनिंग टेबलवर हे चालतं आणि मला आठवड्यातला हा सगळ्यात आवडता वेळ आहे. शीटवर प्ले अकारविल्हे किंवा रन-पास अशा यादीत लिहायचे नाहीत, परिस्थितीच्या खणांत लिहायचे, कारण मॅचमध्ये डोक्यात येतो तो प्रश्न "कुठला पास?" असा नसतो, "तिसरा डाऊन आणि ४ यार्ड, आता काय?" असा असतो.

पहिला डाऊन आणि १० हा सगळ्यात मोठा खण, कारण तो सगळ्यात जास्त वेळा येतो. दुसरा डाऊन थोडे यार्ड असतील तर तो मोफत मिळालेला डाऊन समजा, लांबचा पास टाकायचा असेल तर इथे टाका, नाही लागला तरी तिसऱ्याला थोडंच उरतं. तिसऱ्या डाऊनचे आम्ही तीन खण करतो, १-२ यार्ड, ३-६ यार्ड, आणि ७ च्या पुढे. तिन्हींत डिफेन्स वेगळा वागतो म्हणून तीन. दोनच केलेत तर ३ यार्ड आणि ९ यार्ड एका खणात येतील आणि घाईत चुकीचा प्ले वाचला जाईल.

मग मैदानातल्या जागा. स्वतःच्या गोल लाइनजवळ अडकलोय, ५ यार्डच्या आत, तिथे हळू उमलणारे प्ले नकोत, एंड झोनमध्ये पकडले गेलो तर समोरच्याला २ पॉइंट आणि वर बॉलही त्यांनाच. समोरच्याच्या २० यार्डच्या आत रेड झोन, तिथे मागे जागा कमी असते, एंड झोन फक्त १० यार्ड खोल, त्यामुळे सेफ्टी निर्धास्तपणे पुढे येतात आणि मैदानाच्या मधोमध हुकमी चालणारे लांब पास इथे मरतात. म्हणून रेड झोनचा वेगळा खण आणि आतल्या ३ यार्डांचा अजून वेगळा.

हायस्कूलमध्ये हॅशचाही रकाना ठेवा. प्रो मैदानात दोन हॅश अगदी जवळ, जवळपास मधोमध असतात, पण हायस्कूलच्या मैदानात ते मैदानाचे तीन सारखे भाग करतात, त्यामुळे बॉल डाव्या हॅशवर असला की उजवीकडे केवढी तरी मोकळी जागा आणि डावीकडे दाटी. तोच प्ले एका हॅशवरून झकास आणि दुसऱ्यावरून वाया.

शिवाय शेवटची दोन मिनिटं, लीड सांभाळायची चार मिनिटं, दोन पॉइंटचे प्ले (टचडाऊननंतर मिळणारा जास्तीचा प्ले), आणि एक-दोन फसवे प्ले. दोन पॉइंटसाठी कधी जायचं याचा तक्ता शीटच्या मागच्या बाजूला छापा, हा तक्ता कोच डिक व्हर्मील यांनी १९७० च्या दशकात यूसीएलए या कॉलेजच्या टीममध्ये असताना बनवला आणि अजूनही कोच तसाच जवळ ठेवतात, कारण टचडाऊनच्या जल्लोषात साधी वजाबाकीही चुकते.

प्रत्येक खणात तीन ते पाच प्ले, आवडीच्या क्रमाने. बारा लिहिलेत तर तुम्ही काहीच ठरवलेलं नाही, ठरवणं फक्त शुक्रवारवर ढकललंय. रंग वापरा, अक्षर मोठं ठेवा, पावसाची मॅच असेल तर लॅमिनेट करा. वापरलेला प्ले मार्करने खुणवा आणि बाजूला मिळालेले यार्ड लिहा.

गोल लाइनच्या खणाबद्दल बोलायचं तर १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल टाळताच येत नाही. सिएटल सीहॉक्स २४-२८ मागे, दुसरा डाऊन, १ यार्ड उरलाय, साधारण २६ सेकंद शिल्लक, हातात एकच टाइमआऊट (घड्याळ थांबवायची सवलत), आणि टीममध्ये मार्शॉन लिंचसारखा रनिंग बॅक. त्यांनी पास टाकला, न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने तो पकडला आणि मॅच संपली. तेव्हापासून लोक म्हणतात पास टाकलाच का. मला ते पटत नाही. तेवढ्या वेळात एक टाइमआऊट घेऊन तिन्ही डाऊन वापरायचे तर त्यात एक पास बसवावाच लागतो, कारण चुकलेल्या पासवर घड्याळ थांबतं आणि अडवलेल्या रनवर पळत राहतं. हिशोब बरोबर होता. पण जो पास निवडला तो दाटीच्या मधोमध टाकायचा होता, आणि तसलं फॉर्मेशन न्यू इंग्लंडने प्रॅक्टिसमध्ये घेतलं होतं, बटलर स्वतः प्रॅक्टिसमध्ये त्यावर फसलेला होता आणि म्हणून त्याने ते लगेच ओळखलं. शीट भरताना आपण त्यांची फिल्म बघतोय तशी ते आपली बघतायत, हे मी दर रविवारी स्वतःला आठवण करून देतो.

पायरी ५: सुरुवातीचे प्ले आधीच क्रमाने लिहा

ही पद्धत रूढ केली बिल वॉल्श यांनी. सिनसिनाटी बेंगल्समध्ये पॉल ब्राऊन यांच्या हाताखाली असताना ते मॅचच्या सुरुवातीचे मोजके प्ले आधी लिहून ठेवायला लागले, पुढे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सला हेड कोच झाल्यावर तो आकडा २५ पर्यंत गेला, आणि त्या टीमने त्यांच्या हाताखाली तीन सुपर बोल जिंकले. कारण साधं होतं, हजारोंच्या आरडाओरड्यात माणूस नीट विचार करू शकत नाही, मग विचार आधीच करून टाका.

आम्ही आठ लिहितो. त्यातला प्रत्येक प्ले यार्ड मिळवण्याबरोबर एखादा प्रश्न विचारतो. पहिला ट्रिप्समधून, सेफ्टी सरकतो का बघायला. दुसरा मोशन लावून, मॅन की झोन कळायला. तिसरा डावीकडे बाहेरून रन, त्यांचा उजवा एंड बाहेर राहतो की आत घुसतो ते बघायला. खेळाडूंना ही यादी आदल्या संध्याकाळी सांगून टाकतो, त्यामुळे पहिल्या स्नॅपला पोटात गोळा येत नाही. मध्येच तिसरा आणि लांब आला की यादी बाजूला ठेवायची, त्या खणातला प्ले घ्यायचा, आणि परत यादीवर यायचं.

पायरी ६: आठवडा वाटून घ्या

प्रो टीममध्ये मॅच रविवारी, सोमवारी झालेली मॅच बघायची, मंगळवारी खेळाडूंना सुट्टी आणि कोच रात्री उशिरापर्यंत प्लॅन करतात, बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाऊनचे प्ले, गुरुवारी तिसरा डाऊन, शुक्रवारी रेड झोन, शनिवारी हलकी फिरती तालीम. हायस्कूलला हेच सगळं सोमवार ते गुरुवारात कोंबायचं. राखीव खेळाडूंची स्काउट टीम करा, त्यांना समोरच्या टीमचा डिफेन्स मोठ्या कार्डांवर काढून दाखवा आणि तसं उभं करा.

एक नियम आम्ही मोडत नाही. बुधवारच्या प्रॅक्टिसपर्यंत जो प्ले नीट झाला नाही तो शीटवरून खोडायचा, मग तो कितीही आवडता असो. आणि गुरुवारी क्वार्टरबॅकला शेजारी बसवून विचारायचं, बाबा रे, तिसरा आणि ६ ला तुला यातला कुठला आवडतो? त्याने सांगितलेला प्ले खणात वर घ्यायचा. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने चौथ्या डाऊनला गोल लाइनवर जो फसवा प्ले केला, ज्यात क्वार्टरबॅक निक फोल्सनेच पास पकडून टचडाऊन केला, तो साइडलाइनला फोल्सनेच सुचवला होता आणि कोच डग पीडरसन यांनी लगेच हो म्हटलं. एवढ्या झटकन हो म्हणता आलं कारण प्लेची तयारी झालेली होती.

पायरी ७: चाळीस सेकंदांचं गणित

आधीचा प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं, ते शून्यावर यायच्या आत बॉल निघाला पाहिजे, नाहीतर ५ यार्ड दंड. पहिल्या पाच-सात सेकंदांत वरून मी सांगतो, दुसरा आणि ६, उजवा हॅश, त्यांच्या ३८ वर. कोऑर्डिनेटर आधी पर्सोनेल ओरडतो म्हणजे पोरं आत-बाहेर पळतील, मग शीटवरून प्ले. साधारण २५ उरलेले असताना कॉल मैदानात पोचायलाच हवा, हडलमध्ये सांगायला सात-आठ सेकंद, लाइनवर येऊन क्वार्टरबॅकला डिफेन्स बघायला निदान दहा सेकंद.

कॉल पोचवायचा कसा? १९९४ पासून एनएफएलमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो, तो घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. वरच्या पातळीच्या कॉलेज फुटबॉलला हे २०२४ मध्ये मिळालं. पॉल ब्राऊन यांनी तर १९५६ मध्येच हा प्रयोग केला होता, पण तेव्हा लीगने बंदी घातली, त्याआधी ते दर प्लेला गार्ड (लाइनमनपैकी एक) बदलून त्याच्याकडून निरोप पाठवायचे. आमच्या हायस्कूलमध्ये रेडिओ नाही, आमचा मार्ग मनगटावरचा पट्टा. त्यात छोट्या अक्षरात प्लेचे क्रमांक, कोच ओरडतो २७, पोरं पट्ट्यात २७ बघतात. क्रमांक दर मॅचला बदला, आणि छापायच्या आधी दोन जणांनी शीट आणि पट्टा ताडून बघा. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक ओळ सरकली आणि अर्धी टीम उजवीकडे, अर्धी डावीकडे गेली, क्वार्टरबॅक जोरात आपटला. त्या पोराला लागलं नाही पण मला ती रात्र झोप आली नाही. तेव्हापासून मी दोनदा ताडतो.

पायरी ८: मॅच सुरू झाल्यावर काय बघायचं

वर बसलेल्या माणसाने बॉल बघायचा नाही. हे शिकायला मला पूर्ण एक सीझन लागला. बॉल खालचे सगळे बघतातच, आपण एक ठरवलेला डिफेंडर बघायचा. आपण उजवीकडे रन केला तेव्हा डावीकडचा, म्हणजे मागच्या बाजूचा एंड काय करतोय? तो रनच्या मागे आत धावत असेल तर ते हेडसेटवर सांगायचं आणि तेवढंच सांगायचं. दोनदा तसं झालं की बूटलेग तयार, तसाच रन दाखवायचा आणि क्वार्टरबॅकने बॉल लपवून त्याच एंडने सोडलेल्या मोकळ्या जागेत पळायचं. लाइनबॅकर रन दिसला की झेपावतायत? मग रन दाखवून त्यांच्या मागे पास. समोरची लाइन क्वार्टरबॅकवर जीव तोडून येतेय? स्क्रीन टाका, त्यांना येऊ द्या आणि त्यांच्या डोक्यावरून बॉल द्या.

म्हणजे प्रत्येक मुख्य प्लेला एक जोडीदार प्ले हवा, जो अगदी तसाच सुरू होतो. क्रिकेटमध्ये बॉलर दोन-तीन बॉल बाहेर काढतो आणि मग त्याच हाताने एक आत आणतो ना, तसंच. त्यामुळे ३ यार्डांचा रनही वाया गेला असं समजू नका, पुढच्या लांब पाससाठी तो पाया असू शकतो. शीटवर अशा जोड्या शेजारी शेजारी लिहा.

एखादा प्ले चालला तर? परत करा, ते अडवेपर्यंत करा. हुशारी दाखवायच्या नादात चालणारा रन सोडून दिलेले कोच मी बघितलेत. आणि फसला तर आधी विचारा का फसला, प्ले चुकीचा होता की एकाने ब्लॉक सोडला? ब्लॉक सुटला असेल तर प्ले खोडू नका, पोराशी बोला. हाफटाइमला वेळ थोडाच असतो, त्यातली निम्मी मिनिटं आत-बाहेर करण्यात जातात, म्हणून तिथे तीनच गोष्टी फळ्यावर: त्यांनी काय बदललं, आपलं काय चालतंय, दुसऱ्या हाफचे पहिले चार प्ले.

घड्याळाचंही प्लॅनिंग लागतं. मागे असाल तर दोन मिनिटांच्या खणात कडेला जाणारे पास, कारण पकडून बाहेर गेलं की घड्याळ थांबतं. पुढे असाल तर उलटं, रन करा, मैदानाच्या आतच पडा, प्ले क्लॉक पूर्ण खाऊन बॉल काढा. फेब्रुवारी २०१७ मध्ये अटलांटा फाल्कन्स २८-३ पुढे होते. न्यू इंग्लंडने गाठत आणलं, तरी साडेचार मिनिटांच्या आसपास उरलेली असताना फाल्कन्स ८ पॉइंटनी पुढे आणि न्यू इंग्लंडच्या २२ यार्ड लाइनवर होते. तीन रन आणि एक फील्ड गोल, मॅच जवळपास खिशात. पण एका रनवर यार्ड गेल्यावर त्यांनी पास कॉल केला, क्वार्टरबॅक १२ यार्ड मागे पकडला गेला, वर होल्डिंगचा, म्हणजे समोरच्याला धरून ठेवल्याचा दंड, फील्ड गोलची संधी गेली, आणि मॅच ओव्हरटाइममध्ये ३४-२८ हरले. तुमच्या चार मिनिटांच्या खणावर लाल अक्षरात लिहा की फील्ड गोलच्या टप्प्यात असताना मागे पकडले जाण्याचा धोका असलेला प्ले नाही.

पायरी ९: शनिवारी स्वतःचीच फिल्म

समोरच्याची उघडण्याआधी आपली उघडायची आणि तेच फिल्टर स्वतःवर लावायचे. गेल्या सीझनला आम्हाला असं दिसलं की टाइट एंड डावीकडे लावला की आम्ही जवळजवळ दरवेळी डावीकडेच रन करतोय. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, सवय लागली होती. पुढच्या मॅचला पहिल्याच ड्राइव्हमध्ये तसंच उभं राहून उजवीकडे बूटलेग केला आणि २० च्या वर यार्ड मिळाले.

पुण्या-मुंबईत फ्लॅग फुटबॉल खेळणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आयओसीच्या (आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या) अधिवेशनातच फ्लॅग फुटबॉल २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घ्यायचं ठरलं, त्यामुळे आपल्याकडची पोरं आता विचारायला लागलीयेत म्हणून हे मुद्दाम. यात खेळाडूला पाडायच्या ऐवजी त्याच्या कमरेचा फ्लॅग ओढतात, ५ विरुद्ध ५, ब्लॉकिंग नाही, ४ डाऊनमध्ये अर्धं मैदान ओलांडायचं आणि मग परत ४ डाऊनमध्ये स्कोअर करायचा. अर्ध्या रेषेच्या आणि गोल लाइनच्या अलीकडे ५ यार्डांत रन करायला बंदी. त्यामुळे शीटही छोटी होते, सहा खण पुरतात: पहिला डाऊन, मधले डाऊन, अर्धी रेषा ओलांडायचा शेवटचा डाऊन, रन-बंदीचा पट्टा, १ पॉइंटचा प्ले, २ पॉइंटचा प्ले. एका खणात तीनच प्ले. मेश, स्मॅश, स्लँट आणि चार जणांना लांब पळवायचा प्ले, एवढ्यावर सुरुवात करा, दोन फॉर्मेशन आणि एक मोशन लावा. रन-बंदीच्या पट्ट्यातले तीन पास प्रॅक्टिसमध्ये सगळ्यात जास्त वेळा करा, कारण तिथे समोरच्यालाही माहीत असतं की आता पासच येणार.